बारावीला 47 टक्के, वय 35 : एमबीबीएसच्या प्रवेशाचा विचार आता करता येईल का?

रात्रपाळी यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात अकरा वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. 2008 साली मी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले, तीही रसायनशास्त्र राहिल्यामुळे ऑक्टोबरवारी करून. त्या वर्षी वडील डायलिसिसवर होते आणि माझे अभ्यासाचे बरेचसे दिवस दवाखान्याच्या बाकावर गेले. गुण असे आहेत : भौतिकशास्त्र 41, रसायनशास्त्र 48, जीवशास्त्र 67, गणित 35, इंग्रजी 44 आणि मराठी 52. एकूण 600 पैकी 287, म्हणजे 47.83 टक्के. पुढे जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम केला, नोकरी लागली, लग्न झाले. मुलगी आता चौथीत आहे आणि पती शेती पाहतात.

रात्री दोन-अडीच वाजता एखाद्या रुग्णाला दरदरून घाम फुटतो, मी ईसीजी काढते, त्यात काय दिसते आहे हे मला बहुतेक वेळा कळलेलेही असते आणि तरीही तो कागद हातात धरून मी डॉक्टरांच्या फोनची वाट पाहत उभी असते. नियमाप्रमाणे तसेच असायला हवे, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या कागदाच्या पलीकडचे शिकावे, ही इच्छा वयाबरोबर कमी होण्याऐवजी वाढत चालली आहे.

मी खुल्या वर्गातील आहे. वयाची अट आता खरोखर उरलेली नाही का, बारावीचे हे गुण आड येतील का आणि नोकरी सांभाळून हे जमेल का, याबद्दल जाणकारांनी स्पष्ट सांगावे. उत्तर नकारार्थी असले तरी चालेल.

प्रवेशपुस्तिका यांचे उत्तर

ताई, टक्केवारी म्हटली की बहुतेक जण गुणपत्रिकेच्या तळाशी छापलेला आकडा पाहतात आणि तिथेच पुस्तक मिटतात. वैद्यकीय प्रवेशासाठी खुल्या वर्गाला 50 टक्क्यांची जी अट सांगितली जाते, ती भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांच्या बेरजेवर लावतात. आपली बेरीज 300 पैकी 156, म्हणजे 52 टक्के होते. गणिताचे 35 यात कुठेच येत नाहीत, इंग्रजीत उत्तीर्ण असणे पुरेसे असते. दंतवैद्यक आणि आयुर्वेद या अभ्यासक्रमांनाही हाच हिशेब लागू होतो.

वयाचे म्हणाल, तर ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षे पूर्ण असावीत, एवढेच बंधन आहे. कमाल मर्यादा मध्यंतरी खुल्या वर्गासाठी 25 आणि राखीव वर्गांसाठी 30 वर्षे ठेवली होती, त्यावरून न्यायालयात बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मार्च 2022 मध्ये ती काढून टाकल्याचे कळवले.

पात्रतेची रेषा एकदा ओलांडली की बारावीच्या गुणांना पुढे काहीही वजन नसते. बारावीच्या गुणांवरच मेडिकल मिळायचे, तो काळ मागे पडला; आता गुणवत्ता यादी ‘नीट’ या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते, त्यामुळे भौतिकशास्त्रात 41 मिळालेला आणि 91 मिळालेला उमेदवार तिथे एकाच रांगेत उभे राहतात. ऑक्टोबरवारीचाही त्या यादीशी संबंध नाही.

शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या 85 टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. राज्याच्या जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. मधल्या वर्षांसाठी शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे.

उशिराचा_विद्यार्थी यांचे उत्तर

मी 32 व्या वर्षी शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि सध्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होतो. पहिल्या प्रयत्नात 720 पैकी 288, दुसऱ्यात 447 आणि तिसऱ्यात प्रवेश मिळण्याइतके गुण पडले, तेव्हा पात्र असणे आणि जागा मिळणे यांतले अंतर मी स्वतः चालून पाहिलेले आहे.

माझी सर्वांत मोठी चूक अशी झाली की, पहिले वर्ष मी जीवशास्त्रात घालवले, कारण ते वाचायला गोड वाटत होते. 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, 45 भौतिकशास्त्राचे आणि 45 रसायनशास्त्राचे असतात. चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे एक गुण वजा होतो. जीवशास्त्रात बहुतेक सगळेच चांगले गुण घेतात. माणसे मागे पडतात ती भौतिकशास्त्रात. मी दुकान बंद केल्यावर रात्री दहा ते एक असा बसत असे आणि दुसऱ्या वर्षी त्या तीन तासांपैकी दोन तास केवळ भौतिकशास्त्राची गणिते सोडवण्यासाठी ठेवले. सुरुवातीला साधा सदिश बेरजेचा प्रश्नही सुटत नव्हता, म्हणून लाज बाजूला ठेवून नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांपासून प्रारंभ केला. आपल्याला गणितात 35 आहेत, तेव्हा हे आपणही करावे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट, जी परिचारिका असल्यामुळे आपल्याला कदाचित विचित्र वाटेल. वॉर्डातल्या अनुभवाचा नीटमध्ये फारसा उपयोग होत नाही. तिथे सी-फोर वनस्पती, लॅक ओपेरॉन आणि परागीभवन विचारतात आणि उत्तर एनसीईआरटीच्या पुस्तकात जसे छापले आहे तसेच अपेक्षित असते. तो अनुभव कामाला येतो प्रवेश मिळाल्यानंतर.

जुन्या वर्षांच्या गुणांवरून उद्दिष्ट ठरवू नका. 2024 ला खुल्या वर्गाची पात्रता 162 गुणांवर होती. 2025 ला भौतिकशास्त्र इतके अवघड निघाले की ती 144 वर आली आणि देशात पहिल्या आलेल्याला 686 गुण होते. सरावात आपला क्रमांक कुठे लागतो, तेवढे पाहावे.

नोकरी तयारीच्या काळात चालते, प्रवेशानंतर चालत नाही. व्याख्यानांना 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के उपस्थिती लागते. शिवाय 2023 च्या नियमावलीनुसार पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि संपूर्ण अभ्यासक्रमासाठी नऊ वर्षे मिळतात. वयाचा त्रास मात्र वाटला होता त्याच्या निम्माही झाला नाही. शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभी असलेली अठरा वर्षांची मुले मला पहिल्या आठवड्यापासून दादा म्हणू लागली (एकाने काका म्हणून पाहिले, पण ते टिकले नाही).

जुना_फिजिशियन यांचे उत्तर

सिस्टर, आपण स्पष्ट उत्तर मागितले आहे म्हणून लिहितो. 26 वर्षे व्यवसाय केल्यानंतर माझे मत असे आहे की, खरी अडचण आपल्या गुणांची किंवा वयाची नसून, पगाराविना जाणाऱ्या वर्षांची आहे. तयारीची दोन वर्षे धरली तर प्रवेशाच्या वेळी आपण 37 च्या असाल. साडेचार वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप) धरून 42 पूर्ण होतील, शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा आणखी. आंतरवासितेत विद्यावेतन मिळते, त्याआधीच्या साडेचार वर्षांत काहीच मिळत नाही आणि नेमकी तीच वर्षे आपल्या मुलीच्या माध्यमिक शाळेची असतील. खासगी महाविद्यालयाचे शुल्क दर वर्षी लाखांत असते, तेव्हा कर्ज काढून तिकडे जाण्याचा सल्ला मी 42 व्या वर्षी कमावू लागणाऱ्या व्यक्तीला देणार नाही.

अशा चर्चांमध्ये ओडिशाच्या जय किशोर प्रधान यांचे उदाहरण हमखास येते. ते 2020 मध्ये, वयाच्या 64 व्या वर्षी बुर्ल्याच्या शासकीय वैद्यकीय संस्थेत दाखल झाले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तथापि ते बँकेतून निवृत्त झालेले होते, घर चालवण्याची जबाबदारी त्यांच्या पदवीवर नव्हती.

आपल्याला ईसीजीच्या पलीकडचे शिकायचे आहे ना? मग जीएनएमनंतरचे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग आणि त्यापुढे क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचे पदव्युत्तर शिक्षण, हा मार्ग एकदा कागदावर मांडून पाहा. त्यात अकरा वर्षांचा अनुभव वाया जात नाही. हा मार्ग एमबीबीएसच्या तोडीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण औषध लिहून देण्याचा निर्णय तिथेही बहुतेक वेळा दुसऱ्याचाच राहतो आणि आपली खंत नेमकी तीच असेल तर माझा हा सल्ला बाजूला ठेवावा.

रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. काल ड्युटीवरून आल्यावर ट्रंकेतून गुणपत्रिका काढली आणि तीन विषयांची बेरीज स्वतः करून पाहिली. 156 च आहे. सतरा वर्षे मी स्वतःला अपात्र समजत होते.

सरांचा हिशेब पतींना वाचून दाखवला. त्यांचे म्हणणे असे पडले की, शासकीय जागा मिळाली तर पाहू, खासगीसाठी जमिनीला हात लावायचा नाही. मलाही ते पटते. दोन प्रयत्न करायचे आणि तेवढ्यात जागा मिळाली नाही तर पोस्ट बेसिकचा अर्ज भरायचा, असे ठरवले आहे. अकरावीच्या भौतिकशास्त्राआधी दहावीचे गणित घेतले आहे. एक शंका राहिली : दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आहे आणि आधारवर सासरचे. अर्ज कोणत्या नावाने भरावा?

प्रवेशपुस्तिका

दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच, अक्षराचाही फरक न करता. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचे राजपत्र जवळ ठेवा. राजपत्र काढले नसेल तर त्यासाठी आत्ताच अर्ज करा. कागदपत्रांच्या तपासणीच्या आठवड्यात ते हाती येत नाही आणि अधिवास प्रमाणपत्र सासरच्या नावाने निघाले असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे तपासणी अधिकाऱ्याला त्याच कागदावरून पटवावे लागते.