मदत हवी आहे: डिरेक्टरीतून येणारी यादी बरोब्बर १००० नावांवर अडते

सातारी_मिरची

नमस्कार मंडळी,

तीन दिवस डोकं आपटून झालं, आता तुमच्यापुढे आणतेय. कोड बाहेर टाकायची परवानगी नाही, त्यामुळे शब्दांतच सांगते. सांभाळून घ्या.

मी एका शिक्षणसंस्थेत काम करते. सगळ्यांची खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टची, संस्थेतल्या खात्यांची मध्यवर्ती नोंदवही) आहेत. चालू खाती ३४१२, हा आकडा ॲडमिनकडून लेखी घेतलाय. मला अंतर्गत फोनबुक करायचंय: नाव, विभाग, एक्स्टेन्शन, बस. पायथन, पायथन-एलडॅप लायब्ररी (एलडॅप म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारायचा प्रोटोकॉल), फक्त वाचायचे हक्क असलेलं सर्व्हिस अकाउंट, पोर्ट ६३६. शोध डोमेनच्या (म्हणजे संस्थेच्या आख्ख्या डिरेक्टरीच्या) मुळापासून, स्कोप सबट्री, म्हणजे खालच्या सगळ्या फांद्यांसकट. मूळ स्क्रिप्ट आधीच्या डेव्हलपरची. तो सोडून गेला, मी वारसदार.

फोनबुक सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी आमचे शिपाई मामा टेबलाशी येऊन उभे. "मॅडम, ह्यात माझं नाव का नाही?" शोधलं, खरंच नाही. मग मोजलं तर यादीत १००० नावं. ना ९९९, ना १००१. एररही नाही.

गंमत अशी की शोधात मामांचं आडनाव टाकलं की ते लगेच सापडतात! फक्त पूर्ण यादीत नसतात. गायब मंडळी बहुतेक गेल्या पाच-सहा वर्षांत लागलेली आहेत, म्हणून मला वाटलं की नवीन लोकांचं ओयू (डिरेक्टरीतला खात्यांचा कप्पा) वेगळं असेल किंवा तिथे हक्क नसतील. ॲडमिन म्हणतात हक्क सगळीकडे आहेत. कुठे गंडलंय?

शून्यप्रहर

हक्कांचा प्रश्न असता तर आडनावाने तरी कसे सापडले असते? १००० म्हणजे सर्व्हरची मर्यादा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मॅक्स-पेज-साइझ नावाची सेटिंग असते, मुळात १०००. एका शोधाला त्याहून जास्त नोंदी देत नाही. ॲडमिनला सांगून ५००० करून घ्या, मोकळ्या व्हा.

जुना_वायरमन

शून्यप्रहर, निदान बरोबर, औषध चूक. ती सेटिंग सगळ्या डोमेनसाठी असते. एका फोनबुकासाठी सर्व्हरचा बांध फोडायचा नाही. उद्या खाती ५००१ झाली की हेच रडगाणं परत. शिवाय विंडोज सर्व्हर २००८ पासून २०,००० च्या वर ती चढवली तरी सर्व्हर जुमानत नाही.

मिरचीताई, पेजिंग करा. आरएफसी (इंटरनेट प्रोटोकॉलच्या नियमांचा दस्तऐवज) २६९६, १९९९ सालचा. शोधासोबत एक कंट्रोल पाठवायचा: "५००-५०० च्या हप्त्याने दे". सर्व्हर पहिला हप्ता देतो आणि सोबत एक कुकी. ती कुकी पुढच्या विनंतीत परत द्यायची. कुकी रिकामी आली की यादी संपली. कनेक्शन मात्र तेच ठेवा, मध्येच दुसऱ्या डोमेन कंट्रोलरकडे (डिरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर) गेलात तर त्याला ती कुकी ओळखीची नसते.

नवे लोकच गायब का? नोंदी कुठल्या क्रमाने याव्यात ह्याची हमी प्रोटोकॉल देत नाही. तुमच्याकडे जुन्या नोंदी आधी आल्या असणार, इतकंच. त्यावरून ओयूचा तर्क बांधू नका.

पण मला वेगळंच खटकतंय. सर्व्हर असा अर्धवट सोडतो तेव्हा गपचूप सोडत नाही. शेवटी निकालाचा कोड ४ पाठवतो, म्हणजे साइझ लिमिट ओलांडली. पायथन-एलडॅप त्यावर एक्सेप्शन (पायथनमधली एरर) फेकते. तुम्हाला एरर दिसली नाही म्हणजे ती कोणीतरी गिळलीय. नोंदी वाचणारा लूप उघडून बघा.

सातारी_मिरची

काका, पाय कुठे आहेत तुमचे!

लूप उघडला. नोंदी एकेक करून येतात, यादीत पडतात, आणि त्याखाली दोन ओळी: एक्सेप्ट, आणि पुढे पास, म्हणजे एरर पकड आणि काहीच करू नको. कुठला एक्सेप्शन तेही लिहिलेलं नाही. हजार नोंदी आल्या, सर्व्हरने कोड ४ दिला, लायब्ररी ओरडली आणि ह्या दोन ओळींनी तिचं तोंड दाबलं. पास काढून छापायला लावलं तर पहिल्याच धावेत साइझ लिमिटची एरर स्क्रीनवर. तीन दिवस मी ओयूचं झाड खालीवर करत होते.

पेजिंग लावलं. आधी लूप थांबेचना, तेच ५०० लोक फिरून फिरून येत होते. उत्तरातली नवीन कुकी कंट्रोलमध्ये भरायचीच विसरले होते. ते दुरुस्त केलं.

आता आकडा आला ३४१५. ॲडमिनचा ३४१२. हे तीन पाहुणे कोण? आणि यादी दाखवताना प्रोग्रॅम कोसळतो, म्हणतो लिस्टला गेट नावाची मेथड नाही.

अबोली_फोंडा

हे तीन मला भेटलेत 😄 ती माणसं नाहीत, रेफरल आहेत. तुम्ही डोमेनच्या मुळापासून शोधताय ना, तर सर्व्हर सांगतो की ह्या झाडाच्या आणखी फांद्या दुसरीकडे आहेत, तिथेही विचारा. साधारण तीन असतात: कॉन्फिगरेशन, डोमेन-डीएनएस-झोन्स आणि फॉरेस्ट-डीएनएस-झोन्स. पायथन-एलडॅप त्या नोंदींत डीएनच्या (नोंदीचा पूर्ण पत्ता) जागी नन (पायथनचं "काहीच नाही") ठेवते आणि ॲट्रिब्युटच्या (नोंदीतले रकाने) डिक्शनरीऐवजी पत्त्यांची लिस्ट देते. म्हणून गेट चालत नाही. डीएन नन असेल ती नोंद सोडून द्या.

आणि लायब्ररीत रेफरलचा पाठलाग बंद आहे ना ते बघा. चालू असेल तर ती त्या पत्त्यांवर निनावी जाते, आणि मग "आधी बाइंड करा" अशा अर्थाची ऑपरेशन्स एरर मिळते. (बाइंड म्हणजे नाव-पासवर्ड देऊन सर्व्हरला ओळख पटवणं.) बाइंड तर आपण केलेलं असतं! मी त्यात एक आख्खा शनिवार घालवलाय.

सातारी_मिरची

अच्छा, म्हणून! स्क्रिप्टच्या वरच रेफरल शून्य करणारी एक ओळ आहे आणि शेजारी कॉमेंट: "हे काढू नका". का काढू नका ते नाही लिहिलं. आता मी लिहिलं.

नन वगळले, ३४१२ जुळले. पण माझं शेपूट वाढतंच चाललंय. "सर्व कर्मचारी" नावाचा ग्रुप आहे, सुमारे दोन हजार सभासदांचा. त्याचं मेंबर ॲट्रिब्युट मागितलं तर रिकामी लिस्ट येते. लहान ग्रुप व्यवस्थित येतात.

जुना_वायरमन

रिकामी लिस्ट बघून थांबू नका, त्या नोंदीत आलेल्या सगळ्या किल्ल्या (कीज, म्हणजे रकान्यांची नावं) छापा. शेजारी एक विचित्र नावाची किल्ली दिसेल: मेंबर, अर्धविराम, रेंज बरोबर ०-१४९९. पेजिंग नोंदींचं असतं. हे एकाच नोंदीतल्या किमतींचं (व्हॅल्यूजचं) हप्तेवारीकरण. एका ॲट्रिब्युटच्या १५०० च्या वर किमती एका दमात मिळत नाहीत. पुढच्या खेपेला १५०० ते फुली (*) मागायचं. उत्तरातल्या रेंजच्या शेवटी फुली आली की तो शेवटचा हप्ता.

जाता जाता: "डोमेन युजर्स" ग्रुपवर हा प्रयोग करू नका. ज्यांचा तो प्रायमरी ग्रुप असतो (बहुतेक सगळ्यांचाच) ते मेंबरमध्ये दिसतच नाहीत. त्यांच्या खात्यात प्रायमरी-ग्रुप-आयडी ५१३ असतो, तेवढ्यावरून ओळखायचं.

आता मी विचारतो. ह्या फोनबुकात शिरताना पासवर्ड कसा तपासता?

सातारी_मिरची

युजरने दिलेलं नाव आणि पासवर्ड घेऊन बाइंड करते. एरर आली नाही तर आत घेते. का हो?

जुना_वायरमन

पासवर्डची चौकट रिकामी ठेवून लॉगिन करून बघा. नाव प्राचार्यांचं टाका.

सातारी_मिरची

…

झालं लॉगिन. हात गार पडले.

जुना_वायरमन

घाबरू नका, ह्यात पुष्कळ जण फसलेत. नाव आहे पण पासवर्ड रिकामा, अशा साध्या बाइंडला प्रोटोकॉल "अनऑथेंटिकेटेड" बाइंड म्हणतो. सर्व्हर तुम्हाला निनावी समजतो आणि तरी यशाचा कोड ० देतो. तो फक्त "ठीक आहे, निनावी बस" म्हणत असतो, आपण ऐकतो "ओळख पटली". आरएफसी ४५१३ (२००६) क्लायंटला स्पष्ट सांगतो की रिकामा पासवर्ड तुम्हीच अडवा. सर्व्हरकडे पाठवायचाच नाही.

आणि बाइंड फसल्यावर नुसतं "कोड ४९, चुकीचा पासवर्ड" दाखवू नका. ॲक्टिव्ह डिरेक्टरी एररच्या मजकुरात "डेटा" शब्दापुढे खरं कारण देते. ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद, ७७५ म्हणजे कुलूप लागलं. लॉगमध्ये हे लिहून ठेवा, निम्मे फोन कमी होतील. स्क्रीनवर मात्र सगळं सांगू नका, उगाच परक्याला माहिती.

अबोली_फोंडा

अजून एक. शोधाच्या चौकटीत लोक "जोशी (लेखा)" असं कंसासकट लिहितात. कंस तसाच फिल्टरमध्ये (सर्व्हरला पाठवायची शोधाची अट) गेला की फिल्टर मोडतो. उघडा कंस बॅकस्लॅश २८, बंद कंस २९, फुली २ए. हे हाताने करत बसू नका, लायब्ररीत त्यासाठी फंक्शन आहे. नाहीतर कोणी नुसती फुली टाकून आख्खी यादी उतरवून घेईल.

सातारी_मिरची

केलं! रिकामा पासवर्ड दारातच अडवला, फिल्टरला फंक्शन लावलं, मोठा ग्रुप दोन हप्त्यांत पूर्ण आला. एक्सेप्ट-पास काढून आता प्रत्येक एरर लॉगमध्ये जाते. लॉगिनचं वरिष्ठांना आजच कळवते, आधी कोणी तसं शिरलंय का ते नोंदींत बघावं लागेल.

मामांना यादी दाखवली. नाव आहे. म्हणाले, "नंबर माझा नाही, लायब्ररीचा आहे." ते डिरेक्टरीतच तसं भरलंय. त्याचा अर्ज ॲडमिनकडे टाकलाय.