दोन तासांत घरी परत यायचंय, डोकं ताजं करायला कुठे जाऊ? (पुणे)

रेघोटी:
नमस्कार मंडळी. मी चित्रं काढते, मुख्यतः दिवाळी अंकातल्या कथांची. श्रावण म्हणजे आमचा ऐन सीझन, हातात सात कथा आहेत आणि परवा सगळी स्केचेस जमिनीवर पसरली तेव्हा लक्षात आलं की सातही कथांमधली बाई एकच आहे. तेच नाक, तोच अंबाडा, तशीच खिडकीशी उभी. एका कथेत ती वकील आहे, एकीत चक्क भूत आहे, पण बाई तीच!
घरूनच काम, बाहेर पडणं म्हणजे भाजी आणि मुलीची स्कूलबस. नवरा म्हणतो चार दिवस कोकणात जाऊन ये, पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ माझा. मागच्या रविवारी नणंद आली होती म्हणून हौसेने सिंहगडला गेलो तर घाटात गाड्यांची रांग, वर पोचायला साडेअकरा, धुक्यात लोकांच्या छत्र्या टोचतायत, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं, घरी आले आणि झोपले. कागदाला हात नाही.
राहते कोथरूडला. जवळच्या जवळ फिरून खरंच काही सुचतं का की हे नुसतं बोलायला बरं असतं? तुम्ही काय करता?

टेकडीकर:
श्रावणातला रविवार आणि सिंहगड, धन्य आहात _/\_
अहो दाराशी वेताळ टेकडी असताना कुठे जाताय. मी एकांकिकांना संगीत देतो, गेली सहा वर्षं आठवड्यातून तीनदा टेकडी, आणि वाट एकच, वर चढायचं, खाणीपर्यंत जायचं, परत. पहिला महिना बोअर होतं हे आधीच सांगतो, कारण बघण्यासारखं काहीच नाही असं वाटतं. मग हळूहळू कालच्यापेक्षा आज काय वेगळंय ते दिसायला लागतं. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मृगाचे किडे, ते लाल मखमली. आत्ता कुर्डू यायला लागला असेल, एखाद्या झुडपावर कळलावी चढलेली दिसेल. माझं काम कानाचं, तर मला टेकडीने शिकवलेली गोष्ट म्हणजे उंदीरमारीच्या झाडीत (वनखात्याने लावलेली ती, गिरिपुष्प म्हणतात) बऱ्यापैकी सामसूम असते आणि तिथून बाहेर उघड्या गवतात आलं की एकदम तित्तिर ओरडायला लागतात. तो जो फरक आहे ना, दहा पावलांतला, तो मी एका नाटकात जसाच्या तसा ढापलाय. नवीन जागी गेलो असतो तर फोटो काढत बसलो असतो, हा फरक कळलाच नसता. म्हणून जागा बदलू नका. आणि हेडफोन घरी.

शंकासुर:
टेकडीकर, तुमचं सगळं मान्य पण श्रेय टेकडीला की पायांना? स्टॅनफर्डचा २०१४ चा एक अभ्यास आहे, ओपेझो आणि श्वार्ट्झ यांचा. लोकांना रोजच्या वस्तूंचे वेगळे उपयोग सुचवायला सांगितले, बसून आणि चालताना. चालताना कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी वाढल्या, पण गंमत अशी की खोलीत ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालणाऱ्यांच्याही वाढल्या! म्हणजे पावसात ताईंना गच्चीवर फेऱ्या मारूनही चालेल. अजून एक, ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असतं त्यात चालण्याचा फायदा झाला नाही, उलट किंचित तोटाच. तेव्हा सुचायला चाला आणि निवडायला बसा. मी जाहिरातींच्या ओळी लिहितो, क्लायंटसमोर कोणती ठेवायची हे चालताना ठरवलं की हमखास चुकतं, स्वानुभव.

टेकडीकर:
@शंकासुर, गच्चीवर काय दिसणार, शेजाऱ्यांच्या टाक्या? ताईंना कल्पना कमी पडत नाहीयेत, त्यांना बायका कमी पडतायत. भिंतीकडे बघून नवीन नाक कसं सुचेल?

शंकासुर:
हाहा, हा मुद्दा बिनतोड. माघार.

खाडीकाठ:
मी ठाण्याची, आमच्याकडे टेकडी गाठायची म्हणजे आधी रिक्षावाल्याची मनधरणी. म्हणून मी कोपरीला मीठबंदरच्या बाजूला खाडीवर जाते, घरापासून वीस मिनिटं. लहान मुलांसाठी लिहिते. ओहोटीला चिखलात निवट्या बघायच्या, मासा असून चिखलावर सरपटतात, उड्या मारतात, भांडतात आणि डोळे असे डोक्यावर ठेवल्यासारखे. अर्ध्या तासात तीन खलनायक मिळतात!
फक्त वेळ बघून जावं लागतं. ओळखीच्या कोळीण मावशींनी हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, तर सकाळी साडेसात-आठला ओहोटी. खाडीत आत थोडं मागेपुढे होतं. या हिशोबामुळे झालं काय की मला "वाटेल तेव्हा जाऊ" हे म्हणताच येत नाही, कॅलेंडर बघून जावंच लागतं आणि म्हणून माझं जाणं टिकलं. नाहीतर मी आरंभशूर.
रेघोटी, एक विचारू? तुम्ही तिथे बसून चित्र काढणार की काय? माझं ऐका, वही नेऊ नका. नुसतं बघा, घरी येऊन आठवून काढा. जे आठवत नाही तिथेच आपण नवीन काहीतरी घालतो.

चहाबाज:
वहीबद्दल असहमत, पण ते असो. एकटीने जाणार असाल तर चांगलं उजाडल्यावर निघा, टेकडीवर सकाळी माणसं बरीच असतात पण आडवाटेला शिरू नका. आणि शेवाळलेल्या दगडावर चप्पल घालून जाऊ नका, मी बसलोय त्यावर, म्हणजे आपटलोय. उतरल्यावर चहा पिऊन सरळ टेबलाशी. मोबाईल उघडलात की सकाळ गेली समजा.

रेघोटी:
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी येऊन सांगतेय. सहा वेळा गेले. पहिल्या चार वेळी काहीही नाही, उलट पाय दुखले आणि मुलीची बस एकदा चुकली, त्यावरून घरात जे झालं ते इथे नको. पाचव्या वेळी जोरात सर आली, मी झाडाखाली आणि समोर एक आजोबा डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून उभे, पिशवीमुळे कान दाबले जाऊन पुढे आलेले, आणि इतक्या पावसात ते शांतपणे बोटांवर काहीतरी मोजत होते. वही नव्हती (खाडीकाठ, तुमच्यामुळे!). घरी आल्यावर कान आठवले, बोटं आठवली, चेहरा काही केल्या आठवेना, म्हणून तो माझ्या आत्याचा घातला. आणि ती झाली वकीलबाई! कान पुढे, बोटांवर तारखा मोजतेय. भुताची बाई अजून जुनीच आहे, तिचं बघू.
आजोबाही दुसऱ्या एका कथेत जसेच्या तसे काढून पाठवले. संपादकांचा फोन आला, चित्र छान आहे पण कथा मे महिन्यातली आहे, हे गृहस्थ इतके भिजलेत का?