विषय: घरी शिकणारी मुलं आणि "आता काय करू?"

प्रेषक: दोन मुलांची आई, नॉर्थ हिल्स
२८ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

मुलांना घरी शिकवायला लागून आम्हाला हे दुसरं वर्ष. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. अभ्यास वेळेवर होतो, गणितात दोघंही पुढे आहेत. तरी जीव थाऱ्यावर नाही. पान पुरं झालं की थोरला वही माझ्याकडे सरकवतो आणि विचारतो, "आई, आता काय करू?" परवा म्हटलं, तुला हवं ते कर. तो दहा मिनिटं खुर्चीतच बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "तू सांग ना." पोटात कालवलं. हाच मुलगा चार वर्षांचा असताना सोफ्याच्या गाद्या काढून त्यांची होडी करायचा.

पेनसिल्व्हेनियाचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच: वर्षाला १८० दिवस नाहीतर ९०० तास, वाचलेल्या पुस्तकांची नोंद, मुलाच्या कामाचे नमुने, शेवटी परीक्षकाची भेट. त्या धास्तीने मी प्रत्येक तासाचा कागद करायला लागले, आणि ज्याचा कागद होत नाही ते सगळं मागे पडलं. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

प्रेषक: मोनरोव्हिलच्या काकू
२९ सप्टेंबर २०२५

अगं, दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. त्याला किल्ला करू दे. आणि तू हात लावू नकोस, हे जास्त महत्त्वाचं.

माझी लेकही नातवाला घरीच शिकवते. गेल्या वर्षी त्याने आमच्या परसात राजगड करायला घेतला. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. राजगडच का, तर सुवेळा माचीवरच्या नेढ्यासाठी. कातळाला आरपार भोक असतं हे त्याला खरंच वाटेना. आमच्या परसातली माती चिकण. ओली असताना हवी तशी वळते, वाळली की तडकते. पहिलं नेढं रात्रीत ढासळलं. दुसरं त्याच्या हातातच बसलं. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की आधी आत डबा घाल आणि वरून माती लिंप. बोलले नाही, आत जाऊन चहा टाकला. तिसऱ्या दिवशी तो ओट्सचा पुठ्ठ्याचा डबा शोधून घेऊन आला. चिखलात बुडवलेलं गोणपाट त्यावर गुंडाळलं, दोन दिवस वाळू दिलं, मग आतून पुठ्ठा भिजवून बोटांनी ओरबाडून काढला. नेढं टिकलं! मी सांगितलं असतं तर ते पहिल्याच दिवशी झालं असतं, पण ते माझं नेढं झालं असतं.

अळिवाचंही तसंच. पुण्यात तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. इथे ऑक्टोबरातल्या रात्रीच्या गारठ्यात काही उगवेना. त्याने थोडे अळीव ताटलीत ओल्या कापसावर घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. ते तिसऱ्या दिवशी फुटले, बाहेरचे तसेच. मग रोज संध्याकाळी किल्ल्यावर प्लॅस्टिक पांघरायला लागला. तारखा, कोंबांची उंची, सगळं वहीत आहे. परीक्षकांनी ती वही पहिल्या पानापासून वाचली.

पेनसिल्व्हेनियाचा इतिहास शिकवावा लागतोच ना? मग पिट्सबर्गच्या पॉइंटवरचं ब्लॉक हाउस दाखव. १७६४ चं आहे, फोर्ट पिटपैकी तेवढंच उभं उरलंय. त्याच्या लाकडी तुळयांमध्ये बंदुकीसाठी भोकं ठेवली आहेत. नातू लांबूनच ओरडला, "आजी, जंग्या!" घरी आल्यावर आपल्या तटाला पेन्सिलीने जंग्या पाडल्या आणि चिखलात पालथा पडून एकेकीला डोळा लावत राहिला. आपल्या किल्ल्यांवरच्या जंग्या खाली उतरत्या का असतात, ते त्याला तिथे पडल्या पडल्याच कळलं.

---

प्रेषक: एक बाबा, क्रॅनबेरी
१ ऑक्टोबर २०२५

काकू, ताई, नमस्कार.

किल्ल्याचं पूर्ण पटलं. पण परसात कितीही माती उपसली तरी वाट चुकता येत नाही, आणि मुलांना थोडी वाट चुकता यायला हवी असं मला मनापासून वाटतं. नॉर्थ पार्क ३,००० एकरांहून मोठं आहे. आम्ही लेकीच्या हातात छापील नकाशा देतो, ती पुढे, आम्ही पन्नास पावलं मागे. फाटा आला की गप्प राहायचं. हे फार जड जातं. एकदा ती चुकीच्या वाटेने अर्धा तास गेली, ओढा पाहिला, नकाशावर ओढा कुठे आहे ते शोधलं आणि न रडता मागे वळली. गाडीत बसेपर्यंत तीच आम्हाला रस्ता सांगत होती.

एक मात्र कळकळीने सांगतो. ऑक्टोबरातही इथे गोचीड असते आणि तिच्या चाव्याने होणारा लाइमचा आजार आपल्या राज्यात भरपूर आहे. पँट मोज्यांत खोचा. घरी आल्या आल्या गुडघ्यांमागे, काखेत, कानांमागे आणि केसांत नीट पाहा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडी वगैरे उपाय करू नका.

---

प्रेषक: दोन मुलांची आई, नॉर्थ हिल्स
५ ऑक्टोबर २०२५

काकू, दादा, तुमचे खूप आभार.

थोरल्याला विचारलं, कोणता किल्ला करणार? यंदा जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांची नावं त्याने वाचली आणि जिंजीवर बोट ठेवलं. बाकीचे ११ महाराष्ट्रात, हा एकटाच तमिळनाडूत कसा, हे त्याला हवं होतं. राजाराम महाराजांचं नाव ओठांवर आलं होतं, काकूंचा चहा आठवला. नकाशा दिला. तो रायगडापासून जिंजीपर्यंत सुतळीने अंतर मोजत बसला. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

जिंजीला तीन टेकड्या, म्हणजे माती बरीच लागणार. त्याने यादी केली आहे, त्याच्याच शब्दांत देते. कुणाकडे काही असेल तर कळवा, शनिवारी येऊन घेऊन जाऊ.

"गोणपाट ३. बासमतीची रिकामी पोती चालतील. मोठे दगड, मी उचलीन. फावडं १. अळीव. तिसरी टेकडी ताईची आहे, तिला विचारा. आईने बुधवारपर्यंत बघायला यायचं नाही."

(धाकटीला तो ताई म्हणतो.)