वरणाचे पाणी आणि बाळाची वाढ : मराठवाड्यातील अनुभव

सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न, हे आता बहुतेक घरांना ठाऊक आहे. परंतु ते अन्न किती घट्ट असते, कोण भरवते आणि त्याचा बाळाच्या बसण्या-बोलण्यावर काय परिणाम दिसला, हे आपापल्या अनुभवातून लिहावे, अशी विनंती आहे.

एक आई, लातूर

मुलीचे उष्टावण सहा महिने पूर्ण होताच रीतसर झाले आणि पुढे तीन महिने आम्ही तिला वरणाचे पाणी व भाताची पेजच देत राहिलो, कारण पातळ तेच पचते, अशी घरातील सर्वांची, माझीही, पक्की समजूत होती. वरचे निवळ पाणी वाटीत ओतताना तुरीची डाळ पातेल्याच्या तळाशी राहते, हे रोज पाहूनही त्याचा अर्थ कधी ध्यानात आला नाही. नवव्या महिन्यात ती किरकिरी झाली, खुळखुळा हातात दिला तरी टाकून देऊ लागली, आणि आधाराशिवाय तिला बसता येईना. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७.८, म्हणजे बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी समजावले की जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आईच्या दुधात लोह थोडेच असते, आणि मेंदूतील तंतूंवर आवरण चढण्यासाठी ते लागतेच. लोहाचे थेंब सुरू झाले. सोबत चमच्यावरून सहज ओघळणार नाही इतकी घट्ट मुगाची खिचडी, तूप आणि लिंबाचे दोन थेंब. सव्वा महिन्यात ती बसू लागली. लोह हेच एकमेव कारण होते, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. तरी ते तीन महिने माझ्या मनातून जात नाहीत.

अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा

दिवाळीच्या सुमारास आमच्या गावातील अर्ध्या घरांना कुलूप लागते, कारण माणसे ऊसतोडीला जातात. आई फडात असते, बाळ झोळीत, आणि सात-आठ वर्षांची बहीण त्याला चहात बुडवलेले बिस्कीट भरवते. त्यातून पोट भरल्यासारखे वाटते, पण चहामुळे अन्नातील लोहही अंगी लागत नाही. गेल्या हंगामात चौदा महिन्यांचा एक मुलगा जाताना दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखण्याच्या रंगीत पट्टीवर पिवळ्या रंगात होता आणि परतला तो ११.५ सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या लाल रंगात. चालत होता, तो रांगू लागला होता. यासाठी आईला दोष देणारे मला मुळीच पटत नाहीत, कारण पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या बाईने दिवसातून तीन-चार वेळा बाळासाठी शिजवायचे कुठे आणि कधी? आता निघण्यापूर्वी मी त्यांच्याकडून ज्वारी, मूग आणि शेंगदाणे भाजून त्यांचे बारीक पीठ डब्यात भरून घेते. उकळलेल्या पाण्यात गुळासह घट्ट कालवले की ते बहिणीलाही भरवता येते.

आजी, परभणी

१९८४ साली थोरल्याच्या वेळी सासूबाईंनी चीक पिळून टाकायला लावला आणि तीन दिवस बोटाने मध चाटवला. आज मला कळते की तो पिवळसर चीकच बाळाची पहिली राखण असतो आणि वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये. सुनेच्या बाळंतपणात मी पहिल्या तासातच नातवाला तिच्या छातीशी दिले.

वडील, धाराशिव

आमचा मुलगा १७०० ग्रॅमचा होता आणि त्याला ओढून पिता येत नव्हते. पत्नी दूध काढून देई आणि मी दर दोन तासांनी ते वाटी-चमच्याने पाजत असे. एकविसाव्या दिवशी त्याने स्वतः दूध ओढले, तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.