सायकल टूरवर अनोळखी घरी फुकट राहावं का?

पॅनियरवाला:
किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई-गोवा करणारे सायकलवाले वाढलेत. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी पकडत जायचं, रस्ता सुरेखच आहे. पण "पूर्ण टूरमध्ये राहण्यावर एक रुपया घालवला नाही" हे अभिमानाने सांगितलं जातं, ते मला पटत नाही. दिवेलागणीला तुम्ही कुणाच्या अंगणात सायकल टेकवता तेव्हा त्या घरची भाकरी-आमटी बहुधा झालेली असते. बाप्या माणूस "या, बसा" म्हणतो आणि आत बाई पुन्हा तांदूळ धुवायला घेते. मग आंघोळीला बंब पेटवा, घामट कपड्यांना दोरी द्या, पहाटे निघायच्या आधी चहा करा. त्याच गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करून पोट भरणारी घरं असतात. ज्याला परवडतं त्याने तिथे पैसे देऊन राहावं.

नाशिककर यजमान:
साफ असहमत. मी वॉर्मशॉवर्सवर यजमान आहे. १९९३ पासून हे जाळं खास सायकल प्रवाशांसाठी चालतंय, राहण्याचे पैसे कुणी कुणाकडून घेत नाही. आमच्याकडे उतरलेल्या एका जोडप्याने ओट्याशी उभं राहून कांदे चिरले, जेवणानंतर माझ्या मुलाला साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर कसा जुळवायचा ते शिकवलं. केबलचा ताण पाव फेरा वाढवायचा, पॅडल फिरवून बघायचं, परत पाव फेरा. मुलगा आता सोसायटीतल्या सगळ्यांच्या सायकली बघतो. हे पैसे घेऊन झालं असतं का? परदेशी पाहुणा असला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, तीही मी आनंदाने भरतो.

पॅनियरवाला:
तुम्ही स्वतःहून नाव नोंदवलंय. पाहुणा आधी निरोप धाडतो, तुम्हाला नाही म्हणता येतं. दारात उभ्या राहिलेल्या दमल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

रेवातीर:
नर्मदाकाठी या! परिक्रमावासीची तिथे वाट बघतात. पैसे पुढे केले तर माणसं दुखावतात.

पॅनियरवाला:
मान्य, पण ती परिक्रमेची रीत आहे. सदावर्तात बऱ्याचदा कोरडा शिधा मिळतो, रांधायचं आपलं आपण. शिवाय ती सेवा परिक्रमेला निघालेल्यांसाठी आहे, सायकलवर हौसेने फिरणाऱ्याने ती गृहीत धरू नये.

एकटीची सायकल:
तुम्ही दोघंही पुरुषांच्या बाजूने बोलताय. मार्च २०२४ मध्ये झारखंडच्या दुमका जिल्ह्यात तंबू टाकून राहिलेल्या परदेशी बाईवर सामूहिक बलात्कार झाला. ती आणि तिचा नवरा मोटरसायकलवर फिरत होते. सोबत असूनही ही गत, तर मी एकटीने आडरानात तंबू का टाकावा? हायवेवरच्या लॉजवर एकट्या बाईला खोली नाकारतात, मिळाली तर कडी धड नसते. म्हणून मी उजेड असतानाच वस्तीत शिरते, घरातल्या बाईलाच विचारते, आणि तिच्या चेहऱ्यावर नाखुशी दिसली तर पुढे जाते. आसरा हा हौसेचा प्रश्न नाही माझ्यासाठी. निघताना दुकानातून तेल, साखर, चहापत्ती आणून देते. पैसे नको म्हणणारी घरं हे घेतात.

पॅनियरवाला:
तुमच्यासाठी माझा नियम मागे घेतो. धडधाकट पुरुषांच्या चौकडीसाठी नाही घेत.

नाशिककर यजमान:
चौघं आले तरी माझं दार उघडं आहे. फक्त दुपारपर्यंत कळवा, भाजी आणायला मीच जातो.