परत दिलेला खांब कुजू द्यायचा की नाही, हे कोणी ठरवायचं?

गोधडी:
युरोपातली म्युझियम्स आणि आदिवासी समाज यांच्यातल्या भागीदारीबद्दल हल्ली बरंच वाचायला मिळतं, करार होतात, समारंभ होतात, छानच आहे. पण वस्तू परत देताना ज्या अटी घालतात ना, त्या मला फार टोचतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हायस्ला लोक राहतात. त्यांच्या ग्प्सगोलॉक्स नावाच्या सरदाराची मुलं, कुळातली माणसं रोगात गेली, आणि त्या दुःखात त्याला त्सूडा नावाचा आत्मा भेटला अशी कथा आहे. त्या भेटीची आठवण म्हणून 1872 साली लाकडाचा नऊ मीटर उंच खांब कोरून उभा केला, वर टोपी घातलेला त्सूडा. 1929 मध्ये गावातली माणसं बाहेर असताना तो बुंध्याशी कापला आणि स्वीडनला नेला. तिथे कित्येक वर्षं गोदामात पडून होता! 1991 मध्ये हायस्ला मंडळी स्टॉकहोमला गेली, 1994 मध्ये स्वीडन सरकार परत द्यायला तयार झालं, आणि खांब प्रत्यक्षात घरी पोचला 2006 मध्ये. मधली बारा वर्षं कशात गेली तर बरीचशी एका अटीत, की खांब नीट हवामान-नियंत्रित इमारतीत ठेवा. आता ती इमारत बांधायला पैसे आणायचे कुठून? आणि मुळात त्यांच्या रीतीप्रमाणे असा खांब उभा राहतो, म्हातारा होतो, पडतो आणि मातीत जातो, त्याला कोणी धरून ठेवत नाही. ज्याची वस्तू त्यालाच सांगायचं की कशी सांभाळ, याला भागीदारी म्हणायचं का?

जुनीपेटी:
गोधडी, तुमची कळकळ समजते पण मला हे पटत नाही. मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते. एकदा एक शेला हातात आला होता, घडीवर घडी तशीच ठेवलेली, उलगडायला गेले तर घडीच्या रेषेवरच जरीची तार तुटून बोटांना लागली. जे गेलं ते गेलं, परत नाही येत. त्या किनाऱ्यावर पाऊस किती पडतो बघा, असा खांब उघड्यावर शंभरेक वर्षं टिकला तरी पुष्कळ. म्हणजे 1929 मध्ये तो नेला हे चुकीचंच, त्याबद्दल वाद नाही, पण नेला नसता तर 1991 मध्ये मागायला काय उरलं असतं हाही प्रश्न विचारायला नको का? अट घालणारा माणूस दरवेळी मालकी गाजवायलाच घालतो असं नसतं हो, इतकी वर्षं सांभाळलेल्या वस्तूची काळजी वाटते म्हणूनही घालतो.

घाटवाट:
मी मधला रस्ता सांगतो, उसनं द्या. आपली वाघनखं आठवा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांसाठी आली, जुलै 2024 पासून साताऱ्यात होती. अफझलखानावर चालवलेली हीच का ते सांगता येत नाही असं ते म्युझियमच म्हणतं, तरी मी पोराला घेऊन गेलो, रांगेत उभा राहिलो, आणि काचेपुढे पोरगं गप्प झालं ते बाहेर येईपर्यंत बोललं नाही. हक्काच्या भांडणात पन्नास वर्षं घालवण्यापेक्षा हे बरं नाही का?
दुसरं उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या ब्लॅकफूट आदिवासी लोकांचं. 1841 च्या सुमाराला जमवलेले त्यांचे पाच अंगरखे ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये आहेत, कातडी, त्यावर साळिंदराच्या काट्यांचं नक्षीकाम. 2010 मध्ये ते कॅनडात अल्बर्टाला पाठवले आणि नुसते काचेत नाही मांडले, ब्लॅकफूट लोकांना हात लावून, जवळून टाके बघू दिले.

गोधडी:
घाटवाट, अंगरख्यांचं काम चांगलंच झालं, मला त्याबद्दल आदर आहे. पण उसनं दिलं म्हणजे मालक तोच राहिला, मुदत संपली की पेटीत घालून परत. आजोबांचा अंगरखा बघायला मिळाला याचा आनंद आणि तो परत पाठवताना काय वाटलं असेल, दोन्ही धरा.
आणि जुनीपेटीताई, जतन नकोच असं मी म्हणतच नाहीये. कॅनडातल्याच निस्गा आदिवासी लोकांचा अकरा मीटरचा खांब, तोही 1929 मध्येच नेलेला, एडिंबराच्या म्युझियममध्ये होता. निस्गांनी ऑगस्ट 2022 मध्ये समोर बसून मागितला आणि सप्टेंबर 2023 मध्ये लष्करी विमानाने घरी गेला. त्यांनी तो आपल्या म्युझियममध्ये ठेवला, हायस्लांची रीत मातीत जाऊ द्यायची. दोन्ही बरोबर, कारण ठरवणारे ते.

चाफेकळी:
"ते" म्हणजे नक्की कोण गोधडी? समाज म्हणजे एक तोंड नसतं. मी डहाणूकडे शाळेत शिकवते. वारली लग्नाचा चौक शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, लग्न झालं की पुढे पुसट होत जातो आणि कोणाला वाईट वाटत नाही. पण वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर, कापडावर काढलं, 2003 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या म्युझियममध्ये ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचं प्रदर्शन झालं, आणि आज माझ्या वर्गातली पोरं त्यांच्या चित्रांचे फोटो समोर ठेवून हात बसवतात. आजीला जे पुसलेलं चालतं ते नातीला हवं असतं. हायस्ला कारागिरांनीही खांबाच्या दोन प्रती कोरल्याच ना, एक गावासाठी, एक स्टॉकहोमसाठी! बघायला मूळ खांब होता म्हणून कोरता आल्या.

गोधडी:
हा मुद्दा मी धरला नव्हता, मान्य. पण बघा, प्रत त्यांनी स्वतः कोरून स्वीडनला दिली, घेणाऱ्याने देणाऱ्याला दिली, याहून मोठी देवाणघेवाण कुठली.
आमच्या देवघरातले टाक इतके झिजले होते की खंडोबाचा घोडा कुठला आणि देव कुठला कळेना. आजीने सोनाराकडून नवे करून घेतले आणि जुने नदीत सोडले. मी रडलो होतो, म्हटलं ठेवू या ना. आजी म्हणाली, देव थकला रे, जाऊ दे. तेव्हा कोणी बाहेरचा येऊन "हे जुने आहेत, सोडायचे नाहीत" म्हणाला असता तर आजीने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

जुनीपेटी:
टाकांचं वाचून थांबले जरा. तरी नदीत सोडायच्या आधी मी एक फोटो मागितलाच असता. परत देताना अट नको, मानते. पण मोजमाप, फोटो, स्कॅन करायची परवानगी मागावी, आणि ते सगळं त्यांच्याच ताब्यात द्यावं. नाही म्हणाले तर नाही.

गोधडी:
मागितला असता तर आजीने काढू दिला असता, असं वाटतं मला.