सह्याद्रीतील संवर्धन राखीव क्षेत्रांविषयी

सह्याद्रीत संरक्षित क्षेत्र वाढले की गावे उठवली जातात, ही भीती चांदोली अभयारण्यामुळे विस्थापित झालेल्यांचा अनुभव पाहता निराधार नाही. परंतु सर्व संरक्षित क्षेत्रांना एकच नियम लागू होत नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथून राधानगरीमार्गे गोव्याच्या सीमेवरील तिळारीपर्यंत ज्या रांगेतून वाघाची ये-जा होते, तेथे अलीकडे प्रामुख्याने ‘संवर्धन राखीव’ क्षेत्रे जाहीर झाली आहेत. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आलेला हा प्रकार केवळ शासकीय जमिनीवर आणि स्थानिकांशी विचारविनिमय करूनच जाहीर करता येतो, तसेच त्याच्या व्यवस्थापन समितीत संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा लागतो. माझी खरी चिंता येथेच आहे, कारण ही समिती सल्लागार आहे. वणवे, चराई आणि गव्यांकडून होणारे पिकांचे नुकसान यांवर गावाचे म्हणणे तिच्या बैठकीत नोंदवले गेले, तरी त्यावर पुढे कार्यवाही झालीच पाहिजे असे बंधन नाही. शिवाय वाघाच्या वाटेवरचे मालकीचे रान या अधिसूचनेत येतच नाही, आणि वृक्षतोड तेथेच होते.